भार उतरवायचा दिवस

पिवळ्या रंगाचा टवका होता तो, करंगळीच्या नखाहूनही लहान, आणि तुळईच्या पोटाशी जुन्या काँक्रीटच्या एका खळीत असा चिकटून बसला होता की इतक्या दिवसांच्या तोडफोडीतून, घासण्यातून, पाण्याच्या माऱ्यातून तो वाचलाच कसा, याचं त्याला नवल वाटलं. त्याने तो नखाने उचकटून बघितला. निघेना. मग खिशातली घराची किल्ली काढली, तिच्या टोकाने हलकेच कड उचलली. हा रंग त्या खोदकामाच्या यंत्राचा. ट्रेलरवर चढवलेलं यंत्र, त्याचा तो लांब वाकडा हात कुणी नीट खाली घेतला नव्हता, आणि पुलाखालून जाताना तो हात पहिल्याच तुळईला असा बसला की पोटाचं काँक्रीट रस्त्यावर येऊन पडलं आणि आतल्या तारा उघड्या पडल्या. टवका निघाला. तो अंगठ्यावर घेऊन फुंकर मारायला त्याने ओठ गोल केले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ओठ आधीपासूनच गोल होते.

तो शीळ घालत होता.

केव्हापासून? परांचीवर चढल्यापासून... की बसमधून उतरल्यापासूनच? सूर कुठला होता तेही आठवेना. त्याने इकडेतिकडे बघितलं, जणू कुणी हातातली चोरीची वस्तू बघितली की काय — खाली रस्ता बंद, अडथळे लावलेले, कुणी नाही. वरती पुलावर खडीचा ट्रक उभा, तो दिसत नव्हता पण होता. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. आज सकाळी ती आली नव्हती.

म्हणजे असं, की रोज डोळे उघडायच्या आधी ती यायची. ती नाही — तिचं नसणं यायचं. अजून झोप पुरती गेलेली नसायची तोच छातीवर काहीतरी येऊन बसायचं, मग डोळे उघडायचे, मग पलंगाची ती बाजू, मग छत. बायको गेल्यापासून हा क्रम कधी चुकला नव्हता. आज मात्र तो उठला, दात घासले, चहा प्यायला, मुलीशी चार शब्द बोलला, बस पकडली, आणि बसमध्ये दांडीला लोंबकळत — त्याने नीट आठवून बघितलं — सगळा वेळ तो एकच विचार करत आला होता, की आज ट्रक उतरवायचा. आज ट्रक उतरवायचा आणि ठिगळ टिकतंय का बघायचं. एवढंच. आणि आता ऊन पुलाच्या कठड्यावर आलंय, अर्धी सकाळ सरली, आणि मी इथे शीळ घालतोय.

कुणी लेकरू सांभाळायला दिलंय आणि आपण ते कुठेतरी ठेवून विसरलो, असं त्याला झालं.

“काय मिस्त्री,” खालून आवाज आला, “आज शीळ? लग्न ठरलं की काय?”

तो जोडीदार होता, त्याला सगळे बोका म्हणत, कारण परांचीवर तो कुठूनही कुठेही उतरायचा आणि पडायचा नाही. बोका शिडीला हात लावून वर बघत होता, आणि बोलून झाल्यावर त्याचा चेहरा असा झाला की जीभ परत ओढून घेता आली असती तर त्याने घेतली असती.

“म्हणजे मुलीचं म्हणतोय मी,” तो घाईने म्हणाला. “मुलीचं. तुमचं नाही.”

“माझं का नाही? मी काय वाईट आहे?”

बोका आ वासून बघत राहिला. आणि तो स्वतःही. हे वाक्य कुणी म्हटलं? त्याच्यातला जुना माणूस म्हणायचा असं, जो कामावर सगळ्यांची फिरकी घ्यायचा. तो माणूस कुठे होता इतके दिवस, आणि आज सांगितल्याशिवाय परत कामावर कसा आला?

मुलीचं लग्न नव्हतं. पण मुलीचंच काहीतरी होतं, आणि ते आज संध्याकाळपर्यंत होतं. दूरच्या एका शहरात ती कानाच्या दवाखान्यात काम करायची, लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं काम. आईच्या शेवटच्या दुखण्यात आली ती राहिलीच. दवाखान्याने जागा धरून ठेवली, एकदा विचारलं, दोनदा विचारलं, आणि आता शेवटचं विचारलं होतं. सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली होती,

“बाबा, आज संध्याकाळी त्यांना कळवायचंय.”

“कळव की.”

“काय कळवू?”

“तुला वाटेल ते.”

“माझं राहू द्या. तुम्ही कसे आहात?”

“ठीक आहे मी.”

“हे बघा, हे ‘ठीक आहे’ मला नको. हे तुम्ही पेपरवाल्यालाही सांगता.” तिने कप त्याच्यासमोर ठेवला, जरा आपटूनच. “संध्याकाळी मला खरं सांगा. ठीक असाल तर जाईन. नसाल तर राहीन, आणि राहिले तर तोंड वाकडं न करता राहीन. पण खोटं बोलून मला पाठवू नका, आणि खोटं बोलून थांबवूही नका.”

थांबवूही नका. हे तिने का म्हटलं ते त्याला कळलं होतं. कान तपासणारीला कान असतातच. तो ‘ठीक आहे’ म्हणायचा ते अशा आवाजात, की ऐकणाऱ्याने समजून जावं की काही ठीक नाही. तो आवाज त्याने मुद्दाम लावला नव्हता... सुरुवातीला नव्हता लावला. नंतर कधीतरी त्याच्या लक्षात आलं की त्या आवाजामुळे मुलगी संध्याकाळी लवकर घरी येते. आणि त्याहून आतली एक गोष्ट होती, ती तर त्याने स्वतःलाही धड सांगितली नव्हती — की बायकोचे कपडे दिले, चपला दिल्या, औषधं टाकून दिली, आता घरात तिचं म्हणावं असं हे छातीवरचं ओझंच उरलंय. तेही गेलं तर? बरा झालो म्हणजे ती पुरतीच गेली, असं नाही का होत?

आणि आज शीळ.

त्याने कापूस ओला करून ठिगळाच्या कडेवरून फिरवला. इंजिनीयर मॅडम त्याला पॅच म्हणायच्या, तो ठिगळ म्हणायचा, आणि त्यावरून दोघांची रोज थोडी जुंपायची. मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या, आणि हिशेब दोनदा करून तिसऱ्यांदा बघणाऱ्या होत्या, म्हणून त्याला त्या आवडायच्या. ठिगळ छान बसलं होतं. रंग जरा फिकट, बाकी तुळईशी सारखं. पण ते नुसतं बसलं आहे की धरलं गेलं आहे, ते ट्रक हलल्याशिवाय कळणार नव्हतं.

काम तसं सांगायला साधं. अशा तुळईच्या पोटातून पोलादी तारांचे पीळ गेलेले असतात. कारखान्यात ते आधी ताणून धरतात, त्यांच्याभोवती काँक्रीट ओततात, आणि ते पक्कं झालं की तारा सोडतात. तारा आखडू बघतात, काँक्रीट त्यांना आखडू देत नाही, आणि त्या ओढाताणीत तुळई जन्मभर आवळलेली राहते — त्या आवळण्यातच तिची ताकद. धडकेने दोन पीळ तुटले होते. ते त्यांनी जोडणीचे तुकडे घालून, पान्याने पिळून पुन्हा ताणले. मग राहिलं खिंडार बुजवायचं. पण ते असंच बुजवलं तर भरलेला माल नुसता लोंबत राहतो, एक दिवस गळून पडतो. म्हणून आधी वर पुलावर, बरोबर त्या तुळईच्या डोक्यावर, खडीने भरलेला ट्रक आणून उभा करायचा. तुळई वाकते, केसभर. पोटाची जखम जराशी उघडते. ती तशी उघडी असतानाच माल भरायचा, तो पक्का होऊ द्यायचा, आणि मग ट्रक काढायचा. तुळई वर यायला बघते आणि ठिगळाला दोन्हीकडून चिमटीत धरते.

पहिल्यांदा असं काम केलं तेव्हा त्याने घरी जाऊन हे सगळं तिला सांगितलं होतं, दोन चमचे आणि एक भाकरीएवढा कणकेचा गोळा घेऊन. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. “म्हणजे आधी बिचारीच्या डोक्यावर ओझं ठेवायचं,” ती म्हणाली, “आणि मग मलम लावायचं? वा रे तुमचे उपचार!” आणि तेव्हापासून तो सकाळी निघाला की विचारायची, “आज कुठल्या सवतीकडे?” जणू गावोगावच्या पुलाखाली त्याने एकेक संसार मांडलाय. “ती डावीकडची. जरा अंगाने जाड आहे,” तो म्हणायचा. “असू दे, तुम्हाला जाडच सोसतात,” ती स्वतःच्या कमरेकडे बघून म्हणायची, आणि दार लावून घ्यायची, आणि दारामागे हसायची. ते हसू जिन्यात ऐकू यायचं...

लोक मात्र त्याला उलटं सांगायचे. भाऊ, मेहुणे, शेजारी, सगळे. ओझं उतरू दे, मग उभा राहशील. हळूहळू उतरेल. त्याच्या मनात काहीतरी आलं, तुळईबद्दल आणि स्वतःबद्दल, आणि त्याने ते लगेच झटकलं. तुळई ती तुळई. तिला पलंगाची दुसरी बाजू नसते. असले विचार करायला लागलो तर काम होईल कधी?

मॅडम आल्या. तुळईखाली टेकवलेलं मापक त्यांनी तपासलं — गोल तबकडी, त्यात एक काटा, तुळई केसाएवढी हलली तरी तो काटा हलतो. त्यांनी डोक्यावरची टोपी घट्ट केली, बोक्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

“मिस्त्री, काय वाटतं?”

“बसलंय असं वाटतं.”

“वाटतं?”

“तुम्हीच विचारलंत काय वाटतं.”

त्या हसल्या, पण ओठांनीच. नाही टिकलं तर काय, ते तिघांनाही ठाऊक होतं. ठिगळ सुटलं तर अख्खी तुळई कापून काढायची, खालचा रस्ता पावसाळ्यापर्यंत बंद. मॅडमनी हातातल्या वॉकीटॉकीचं बटण दाबलं. “ड्रायव्हर, चालू करा. आणि माणूस चालतो त्याच्या निम्म्या वेगाने पुढे घ्या.”

वर काही झालं नाही.

मग आवाज आला. खर्र. खर्र... र्र... टक.

“काय झालं?”

वॉकीटॉकीतून खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला. “मॅडम... बॅटरी उतरली.”

वर बसलेल्या या ड्रायव्हरची गंमत अशी, की धडक त्याचीच होती. ट्रेलर तोच चालवत होता. त्या मालकाने काढून टाकलं, मग कुठेतरी खडीच्या ट्रकवर लागला, आणि पहिलंच काम मिळालं ते याच पुलावर जाऊन, स्वतः फोडलेल्या तुळईच्या डोक्यावर, गाडी न हलवता बसून राहायचं. बरेच दिवस त्याने हे कुणाला सांगितलं नाही. मग एकदा चहा पिताना बोक्याजवळ कबूल झाला, आणि तेव्हापासून त्याची सुटका नव्हती.

आता मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसरी गाडी वर आणून तिच्या बॅटरीवरून चालू करावी तर त्या तुळईच्या आसपास आणखी एक चाकही नको, काट्याचं सगळं गणित बिघडेल. खडी वरच्या वर खाली करावी तर भार एकदम न उतरता भलतीकडून उतरेल. ट्रक ढकलायचा म्हटलं तर तो काय हातगाडी होता? शेवटी खाली उभ्या असलेल्या सामानाच्या गाडीची बॅटरी काढली, आणि बोका एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, असे दोघं ती धरून पुलाच्या पायऱ्या चढायला लागले. बॅटरी जड, पायऱ्या अरुंद. बोका उलटा चढत होता आणि सबंध वेळ बोलत होता.

“आधी पुलाखालून निघेना. आता पुलावरून निघेना. या माणसाचं आणि या पुलाचं मागच्या जन्मीचं काहीतरी आहे, मिस्त्री.”

ड्रायव्हर केबिनशेजारी उभा होता, हातात टोपी, शाळेत अंगठे धरायला सांगितल्यासारखा.

“इंजिन बंद होतं, दिवे बंद होते,” बोका म्हणाला. “बॅटरी गेली कुठे? खाल्ली?”

“रेडिओवर गाणी ऐकत होतो.”

“एवढी?”

“आणि... केबिनमधला दिवा चालू ठेवायचो. रात्रीचा.”

“का?”

ड्रायव्हरने खाली पुलाकडे बघितलं. “एकटा होतो ना. वर सगळा अंधार. आणि खाली एवढं भगदाड पाडलेलं.”

“ते भगदाड तू पाडलंस!”

“पाडलं मी, पण बघितलं नव्हतं ना. तुम्ही त्या दिवशी हाताला धरून खाली नेलंत आणि दाखवलंत. तेव्हापासून झोप नाही. सारखं वाटायचं, गाडीसकट खाली जातो आता. म्हणून गाणी.” आणि थांबून, अगदी प्रामाणिकपणे, “देवाची नाही लागत तिथे. मग बातम्या ऐकायचो.”

मिस्त्रीच्या पोटात आधी काहीतरी हललं. मग ते वर आलं. त्याने बॅटरी खाली ठेवली, कारण ती पडली असती, आणि पुलाच्या कडेला फरशीवर बसला, आणि हसला. आवाज न करता हसायला गेला तर ते नाकातून फुटलं. बोका त्याला बघून हसायला लागला, ड्रायव्हर आधी रागावल्यासारखा उभा राहिला आणि मग तोही, टोपी तोंडावर धरून. वॉकीटॉकीतून मॅडम विचारत होत्या, काय चाललंय वर, कुणी मला सांगेल का, आणि सांगायला कुणाला श्वास नव्हता. बातम्या ऐकायचो! त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि त्या सगळ्यात, अगदी सहज, बाहीने डोळे पुसता पुसता त्याच्या मनात आलं, घरी गेलो की हे हिला सांगायचं.

आलं आणि थांबलं.

आता ते येणार. आता छातीवर बसणार, पुरता भार घेऊन, सकाळी यायचं राहिलं होतं तेही धरून. तो त्याची वाट बघत राहिला, जसा माणूस खाली वाकून लाट अंगावर घ्यायला उभा राहतो. आणि ते आलं. आलं, बसलं, नेहमीएवढंच जड होतं. पण हसू गेलं नाही. ते त्याच्या शेजारीच होतं, अजून पोटात अधूनमधून उसळत होतं, आणि दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला जागा सोड म्हणत नव्हतं. असं होऊ शकतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. भावाने नाही, मेहुण्याने नाही.

“मिस्त्री, ठीक आहात ना?” बोका वाकून बघत होता.

“मागची तार लाव आधी. लालला लाल. नाहीतर ही पण बॅटरी खाशील.”

तो परत खाली आला. मॅडम मापकाशी स्टुलावर बसल्या होत्या. त्याने ठिगळाच्या सगळ्या कडा पुन्हा पाण्याने ओल्या केल्या आणि हातात दिवा धरला. सूक्ष्म भेग डोळ्यांना दिसत नाही, पण ती पाणी धरून ठेवते. बाकी सगळं वाळतं, आणि तिची तेवढी काळी रेघ मागे राहते. वरती एकदा खर्र झालं, मग धडधडून इंजिन लागलं, आणि ते लागल्याचा हादरा परांचीतून त्याच्या तळव्यांत उतरला. चाकं फिरायला लागली. दिसत काहीच नव्हतं. एवढा मोठा ट्रक त्याच्या डोक्यावरून, काँक्रीटच्या पलीकडून, एखादं म्हातारं जनावर उठून जावं तसा चालला होता, आणि मॅडम काट्याकडे बघून मोठ्याने आकडे म्हणत होत्या, आणि त्याने डावा पंजा तुळईच्या पोटावर टेकवला. हाताला कळण्यासारखं हे नसतं, केसभर हलणं. त्याला ते माहीत होतं. तरी टेकवला.

आकडे थांबले. मॅडम म्हणाल्या, “काटा थांबला. जवळजवळ पूर्ण मागे आलाय. थोडा राहिलाय.”

“मग?”

“थोडा राहतोच, मिस्त्री. पूर्ण मागे आला असता तर उलट मी मापक बदललं असतं. तुमच्याकडे बघा आता.”

तो बघत होता. पाणी वाळत होतं. कडा एकेक फिकट होत चालल्या, वरची, उजवी, खालची लांब कड... आणि डाव्या कोपऱ्यात काळी बारीक रेघ होती. बोटभर. ती वाळेना. त्याने दिवा जवळ नेला, लांब नेला. आजूबाजूचं सगळं पांढरट झालं आणि रेघ तिथेच. त्याला एकदम सगळं दिसलं — तुळई कापतायत, रस्ता बंद, आणि का कोण जाणे त्याच्याबरोबर मुलीचा चेहरा, कप आपटतानाचा.

“मिस्त्री?”

“थांबा.”

त्याने नखाने रेघेचं टोक चाचपलं. टोक उचललं गेलं. ओढलं, तर ती सबंध सुटून त्याच्या बोटांत आली. ब्रशचा केस होता.

“अहो, काय आहे?”

त्याने तो केस दिव्यापुढे धरला. मॅडमनी डोळे बारीक केले, मग मोठे केले, आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या शिक्षणाला आणि हुद्द्याला शोभणारं नव्हतं. त्या स्टुलावरून उडी मारून ओरडल्या, “धरलं! आपलं ठिगळ धरलं!”

“पॅच,” तो म्हणाला.

दुपार टळल्यावर वरचा रस्ता उघडला. पहिली गाडी गेली, दुसरी गेली, आणि मग त्यांची गणती राहिली नाही. संध्याकाळी खालचा रस्ताही उघडला, तेव्हा ड्रायव्हरने त्याला घराकडे सोडतो म्हणून आग्रह केला. खडी रिकामी केली होती. केबिनमध्ये रेडिओ बंद होता, त्याच्या बटणावर बोक्याने चिकटपट्टी मारून ठेवली होती. गाडी वळून त्याच पुलाखाली आली, उंचीचा फलक आला, ड्रायव्हरने तो ओठ हलवत वाचला, आणि पुलाची सावली काचेवर चढली तसा — स्टिअरिंग धरलेला, दाढी पिकायला आलेला तो गडी — मान खाली घालून वाकला. डोकं पुलाला लागू नये म्हणून माणूस वाकतो तसा.

“हे काय?”

“होतं असं आता,” ड्रायव्हर ओशाळून म्हणाला. “बसमध्ये बसलो तरी होतं.”

“आमची बायको असंच करायची,” तो म्हणाला. “कुठलाही पूल असो. बस असो, मोटार असो. स्वतः वाकायची ती वाकायची, माझंही डोकं धरून खाली दाबायची. मी म्हणायचो, अगं हे पूल मी दुरुस्त करतो. ती म्हणायची, म्हणूनच.”

ड्रायव्हर एवढ्या जोरात हसला की गाडी जराशी हलली. आणि गल्लीच्या तोंडाशी उतरेपर्यंत त्याने तिच्याबद्दल आणखी काय काय सांगितलं. सवतींचं सांगितलं. कणकेच्या गोळ्याचं सांगितलं. इतकं, की उतरल्यावर फाटकापाशी त्याला आठवलं, हा माणूस तिला ओळखतही नव्हता, आणि आता ओळखतो.

मुलगी स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. फोन ओट्यावर पालथा ठेवला होता. तिने वळून बघितलं, विचारायला तोंड उघडलं, आणि तिने विचारायच्या आत तो म्हणाला, “आज काय झालं ऐक.”

हात न धुताच तो सांगायला लागला. खर्र आणि टक सांगितलं. बॅटरी घेऊन उलटा चढणारा बोका करून दाखवला. जिथे बायको मध्येच “अगबाई, मग?” म्हणायची तिथे तो सवयीने थांबला... ते थांबणं त्याचं त्यालाच ऐकू आलं. तिथे आता कुणीतरी काहीतरी म्हणायचं असतं.

“मग?” मुलगी म्हणाली. सुरी तशीच हातात.

“मग काय! म्हणतो, खाली एवढं भगदाड पाडलेलं!”

“त्यानेच!”

“त्यानेच! आणि पुढचं ऐक. म्हणतो, देवाची गाणी लागत नाहीत तिथे, मग बातम्या ऐकायचो.”

मुलीने सुरी खाली ठेवली आणि ओट्याला धरून हसली. हसता हसता तिने मनगटाने डोळे पुसले, कांद्याचे की कशाचे, आणि मग हळूहळू गप्प झाली. त्याच्याकडे बघत राहिली. नुसती बघत नव्हती, ऐकत होती, तिचं जे काम आहे तसं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी काय कळवू?”

हा प्रश्न दिवसभर त्याच्याबरोबर होता. ती गेली तर या स्वयंपाकघरात उद्या-परवा कोण असेल, ते त्याला माहीत होतं. सकाळी ते पुन्हा येईल छातीवर, उद्या नाही तर परवा, तेही माहीत होतं. ठीक आहे म्हणावं तर तो शब्द पार झिजला होता. नाही म्हणावं, तर ते आज पहिल्यांदा खोटं झालं असतं. त्याने खरं काय ते आत शोधून बघितलं, अगदी मनापासून, आणि तोंडातून निघालं ते भलतंच निघालं.

“आधी वाढ गं. भूक लागलीय.”

मुलगी हलली नाही. गेले कित्येक महिने तो जेवत होता ते तिने ताट पुढे ठेवलं म्हणून, आणि उठत होता ते ताट संपलं म्हणून. मग ती पटकन पाठमोरी होऊन भांडी काढायला लागली, गरज नसताना दोन जास्त.

आणि तो आपण काय बोलून बसलो ते ऐकत उभा राहिला. खरंच लागली होती. पोटातून, सरळ, दांडगी भूक, पोरवयात खेळून घरी आल्यावर लागायची तशी, जिला दुसरं काही दिसत नाही. त्याला त्या भुकेची जराशी लाज वाटली, आणि लाजेच्या मागून एक आनंद आला, आणि तो कुणाला सांगावा या विचाराने त्याने मान वर केली — आणि या वेळी तो विचार बायकोपाशी येऊन थांबला नाही, पुढे चालत राहिला, पाठमोऱ्या मुलीपर्यंत.